अभ्यासिकेतील संगणक एकसारखे कसे ठेवावेत?



खेड्यापाड्यांतून नांदेड-लातूरला शिकायला आलेल्या आपल्या अनेक मुलांना अभ्यासिकेतील संगणकाचाच आधार असतो. शिष्यवृत्ती अर्जाच्या शेवटच्या दिवशी एका संगणकावर मराठी टंक आहे, दुसऱ्यावर नाही, असे झाले तर नुकसान संगणकाचे नव्हे, मुलाचे होते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली लिनक्स प्रणाली विनाशुल्क मिळते. मात्र दहा संगणक दहा वेळा दुरुस्त करीत बसू नये. एक संगणक 'मुख्य' ठरवावा. नवा टंक वा प्रोग्राम आधी त्यावर घालून तपासावा, मग इतरांवर पाठवावा. यासाठी ट्रिजेल व मॅकेरास यांचा १९९६ मधील 'आरसिंक' उपयोगी पडतो. तो दोन्हीकडच्या फायली ताडून फक्त बदललेला भाग पाठवतो.

पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. प्रत्येक संगणकाचे नाव, नेटवर्क पत्ता व डिस्कच्या ओळखक्रमांकाची नोंद नकलेतून वगळावी. नाहीतर संगणक सुरूच न होण्याचा संभव असतो. 'डिलीट' पर्याय लावल्यास मुख्य संगणकावर नसलेली फाईल इतरत्र पुसली जाते. म्हणून मुलांचे 'होम' फोल्डर वगळावे, त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि प्रथम 'ड्राय रन' करून काय बदलणार ते पाहावे.

प्रत्येक बदल नोंदवहीत लिहावा आणि हे काम किमान दोन मुला-मुलींना शिकवावे. जाणकार नोकरीला लागून गेला म्हणून अभ्यासिका बंद पडता कामा नये. विद्या एकाच्या हाती अडकू नये, हीच बाबासाहेबांची शिकवण आपण येथेही आचरणात आणू या.

जय भीम!