पायरी चुकली कुठे?

जून उजाडला की घरोघरी एकच गडबड. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, रेनकोट आणि नव्याकोऱ्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं. कव्हरं घालायचं काम बहुतेक घरी आईकडेच असतं. (प्रगतिपुस्तकावर सही करायला मात्र बाबा!) पण मैत्रिणींनो, कव्हर घालता घालता ते पुस्तक नीट चाळून पाहणाऱ्या आपल्यापैकी कितीजणी? आणि चाळलंच, तर "बाई गं, केवढा हा अभ्यास!" म्हणून लगेच मिटूनही टाकतो.

पुस्तक किती जाड आहे हे पाहण्यात फारसा अर्थ नाही. पाहायचं ते हे, की यंदाचा धडा गेल्या वर्षीच्या कुठल्या धड्यावर उभा आहे. बालवाडीपासून दहावी-बारावीपर्यंत शाळेचा अभ्यासक्रम म्हणजे एकच लांबलचक जिना आहे. मुलगा सातवीत अडखळला, म्हणजे सातवीचीच पायरी कच्ची असेल असं नाही. पुष्कळदा ती तिसरीतली किंवा पाचवीतली निघते. आपण मात्र घाईघाईने सातवीची शिकवणी लावतो, पैसे भरतो, आणि वर्षाअखेर गुण तेवढेच पडले की "आमचं पोरगं ढच आहे" असा निकाल देऊन मोकळ्या होतो. त्या पोराच्या मनाला तो निकाल जन्मभर चिकटतो.

आपल्या राज्यातला हा जिना रचण्याचं काम मुख्यतः पुण्यात होत आलं. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ओळखीची 'बालभारती', २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली. आपल्या आजेसासूबाईंची मॅट्रिक अकरावीला होत असे. कोठारी आयोगाने दहा अधिक दोन वर्षांची रचना सुचवली आणि महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खालच्या पायऱ्यांची मांडणी बदलली. तीन ते आठ वर्षांचा काळ, म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी, हा सगळा मिळून एकच पहिला टप्पा धरला. महाराष्ट्रात त्यानुसार जून २०२५ पासून पहिलीपासून बदल सुरू झाले. तेव्हा थोरल्याची पुस्तकं धाकट्याला जशीच्या तशी चालतील, असं गृहीत धरू नका बरं का!

हा पहिला टप्पा एकत्र धरला, हे फार चांगलं झालं. कारण आपली सगळी घाई तिथेच असते. तीन वर्षांची चिमुरडी शाळेतून आली की पहिला प्रश्न, "आज काय लिहिलंस?" वही कोरी दिसली की आपला जीव खालीवर. शेजारच्या बंटीला पन्नासपर्यंत अंक येतात आणि आपली सोनू नुसती माती खेळते! मग बाईंकडे तक्रार, आणि तक्रारी वाढल्या की शाळाही वह्या भरून घ्यायला लागतात. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या साथीने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ सुरू केला आणि पुढे १९४५ साली बोर्डीला, खेड्यातल्या मुलांसाठी, अनुताई वाघांना सोबत घेऊन बालवाडीचं काम उभं केलं. महागडी साधनं आणायची कुठून? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधनं केली. मूल आधी हाताने शिकतं, हे त्यांनी दाखवून दिलं. तीन वर्षांच्या मुलाची बोटं पेन्सिल नीट धरण्याइतकी तयारच झालेली नसतात.

ती तयार होतात कशाने? तर आपल्याच स्वयंपाकघरात. मटार सोलताना, लसूण निवडताना, कणकेच्या गोळ्याचे नाग आणि चिमण्या करताना, रांगोळीचे ठिपके जोडताना. राजमा आणि हरभरा एकत्र करून वेगळे करायला द्या. गणितातलं वर्गीकरण म्हणतात ते हेच. चार वाट्या, चार चमचे, एकेकाला एकेक, ही संख्येची पहिली ओळख. पसारा होतो खरा. पण तो पसारा म्हणजे बालवाडीचा गृहपाठच आहे.

पुढची पायरी वाचनाची, आणि इथे थोडं थांबायला हवं. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकतं. तिसरी-चौथीपासून ते वाचून शिकू लागतं. परिसर अभ्यास वाचायचा, गणितातलं शाब्दिक उदाहरण वाचायचं, सूचना वाचायच्या. ज्याला जोडाक्षर आलं की ठेच लागते, त्याला मग सगळेच विषय अवघड. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा एक साधा उतारा वाचायला देतात. २०२२ साली पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना तो वाचता आला नव्हता, आणि भागाकार चारांपैकी जेमतेम एकाला जमला होता. आपली मुलं शहरातली, चांगल्या शाळेतली, म्हणून हुरळून जाऊ नका. घरीच पाहा. चौथी-पाचवीतल्या मुलाला दुसरी-तिसरीच्या पुस्तकातलं एखादं पान मोठ्याने वाचायला सांगा, आणि मग पुस्तक मिटून "काय झालं त्यात?" एवढंच विचारा. घडाघडा वाचून 'काय झालं' हे सांगता न येणारी मुलंही खूप असतात. मूल इंग्रजी माध्यमाचं असेल तर ही पाहणी दोनदा करा, एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत. मराठीत गोष्ट समजते, सांगता येते, आणि इंग्रजीत तोंड बंद होतं, तर अडचण भाषेची आहे, बुद्धीची नाही.

आता गणित. खरं रडगाणं तिथलंच, नाही का?

२०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणितावरून केवढा गदारोळ उठला होता, आठवतंय? 'बहात्तर'ऐवजी 'सत्तर दोन', 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असं संख्यावाचन पुस्तकात आलं, आणि घराघरांत थट्टा सुरू झाली. त्या वेळच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी कारण समजावून सांगितलं होतं. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणताना आधी पाच म्हणतो आणि मग वीस; लिहिताना मात्र आधी दोन. मोठ्यांच्या हे कधी ध्यानातही येत नाही, पण सहा-सात वर्षांचं मूल ऐकतं एक आणि लिहितं दुसरंच. पंचवीसचे बावन्न होतात ते असे. नवी पद्धत आवडो न आवडो, अडचण खरी होती. तुमचं मूल आकडे उलटे लिहीत असेल तर धपाटा घालण्याआधी दहा दहा काड्यांच्या जुड्या बांधा. दोन जुड्या आणि पाच सुट्या, म्हणजे पंचवीस. दुसरीत ही जुडी डोक्यात बसली नाही, तर हातचा म्हणजे काय ते कळत नाही. हातचा कळला नाही, तर भागाकारात शून्य हरवतं. ६१२ भागिले ६ याचं उत्तर कितीतरी मुलं १२ लिहितात. अशा वेळी "चूक!" म्हणू नका. विचारा, "सहाशे बारा रुपये सहाजणांत वाटले, तर एकेकाला बाराच रुपये? मग बाकीचे गेले कुठे?" बहुतेक वेळा मूल स्वतःच हसतं आणि शून्य परत आणतं.

दुसरा कच्चा दुवा अपूर्णांकांचा. समजा, तुमची मुलगी आठवीत आहे आणि बीजगणित तिला अजिबात जमत नाही. 'क्ष छेद दोन अधिक क्ष छेद तीन' याचं उत्तर ती 'दोन क्ष छेद पाच' असं लिहिते. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. बाई लाल शाई मारतात, शिकवणीचे सर नियम पुन्हा पाठ करून घेतात. पण क्षचा यात काहीच दोष नाही! क्ष पुसून टाका आणि तिला नुसतं अर्धा अधिक एक तृतीयांश किती, ते विचारा. तिथेही ती दोन पंचमांशच सांगेल. म्हणजे चुकलेली पायरी आहे पाचवीची, अपूर्णांकांच्या बेरजेची.

पाचवीत तरी कशाला, थेट पोळपाटाशीच या. एका पोळीचे सारखे सहा तुकडे करा. अर्धी पोळी म्हणजे तीन तुकडे, एक तृतीयांश म्हणजे दोन. एकूण पाच तुकडे, म्हणजे सहापैकी पाच. आता तिचं उत्तर तिच्यासमोर ठेवा: दोन पंचमांश म्हणजे तर अर्ध्याहूनही कमी. अर्ध्या पोळीत आणखी पोळी घातली आणि ती कमी झाली? हे एकदा डोळ्यांनी दिसलं, की छेद सारखे का करायचे हे तिला कोणी पाठ करून द्यावं लागत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. नियम शंभरदा घोकून जे झालं नसतं, ते दोन-तीन पोळ्यांत होतं. (तुकडे वाया जात नाहीत, संध्याकाळी फोडणीची पोळी करा.)

खरं म्हणजे अपूर्णांकांच्या बाबतीत मराठी मूल भाग्यवान. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, इतके शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. जुन्या पिढीने तर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीचे पाढे पाठ केले होते. म्हणून आजोबांचा बाजारहाट तोंडी व्हायचा. पण हल्ली आपणच "एक पॉइंट पाच किलो" म्हणू लागलो आहोत. दीड म्हणा की!

व्यवहाराचं गणितही असंच पायरीपायरीने चढत जातं. आतापर्यंतच्या पुस्तकांत सहावीत शेकडेवारी आणि नफा-तोटा, सातवीत सरळव्याज, आठवीत चक्रवाढव्याज आणि सूट, दहावीत जीएसटी आणि शेअर्स असा क्रम राहिला आहे. भिशी चालवणाऱ्या, बचत गटाचं कर्ज फेडणाऱ्या बायकांना यातलं निम्मं तोंडपाठ असतं. "मला मेलीला काय गणित येतंय" असं मुलांसमोर म्हणत जाऊ नका. येतं तुम्हाला.

बाकी विषयांचंही तेच. तिसरीत आपल्या जिल्ह्याचा नकाशा, चौथीत महाराष्ट्राच्या गडकोटांमधून शिवछत्रपतींचा इतिहास, आणि त्याच नकाशावाचनाच्या जोरावर दहावीच्या भूगोलात थेट भारत आणि ब्राझीलची तुलना. तिसरीत पूर्व-पश्चिम कळली नाही, त्याला ब्राझील पाठ करावा लागतो आणि पाठ केलेला परीक्षेत आठवत नाही.

हे सगळं आताच का पाहायचं, त्यालाही कारण आहे. २०१० साली शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यापासून आठवीपर्यंत कोणालाच मागे ठेवत नसत. हेतू चांगला होता. पण कच्ची पायरी कोणाच्या नजरेस न येता मूल पुढे सरकत राही आणि नववीत एकदम आपटे. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि महाराष्ट्राने २०२३ साली पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालेल्याला पुरवणी परीक्षेची संधी मिळते. तीतही जमलं नाही तर वर्ष पुन्हा त्याच वर्गात. म्हणजे चौथीतली आणि सातवीतली दिवाळीची सुट्टी ही आपल्या हातातली खरी वेळ. वार्षिक परीक्षेच्या आदल्या महिन्यात धावपळ करून पाया भरत नाही.

त्यासाठी एक साधी गोष्ट करा. एप्रिलमध्ये निकाल लागला, की जुनी पुस्तकं लगेच रद्दीवाल्याला देऊ नका. निदान मागच्या दोन इयत्तांचं गणित आणि भाषा माळ्यावर राहू द्या. नसतीलच, तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोबाइलवर मोफत उतरवून घेता येतात. मूल अडलं की एक वर्ष मागे जा. तिथेही अडलं तर आणखी एक. जिथे ते न अडता, न घाबरता सोडवतं, तिथून पुन्हा वर यायला सुरुवात करा. मोठ्या मुलाला खालच्या इयत्तेचं पुस्तक उघडायची लाज वाटते. म्हणून धाकट्या भावंडाला शिकवायचं काम त्याच्यावर सोपवा. त्याचा मान राहतो आणि उजळणीही होते.

पालकसभेला गेलात तर "कसा आहे हो आमचा?" असं विचारू नका. चाळीस-पन्नास मुलांच्या बाई त्यावर "ठीक आहे, थोडा चंचल आहे" याखेरीज काय सांगणार? वही सोबत न्या, नेमकी चूक दाखवा आणि विचारा, "हे येण्यासाठी आधीचं काय यायला हवं होतं?" शिकवण्याची हौस असलेल्या बाई या प्रश्नाने खुलतात. आणि उत्तर मिळालं की ते घरी एकट्याने निस्तरत बसू नका. आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांच्या बाबांनाही पोळीचे तुकडे मोजायला बसवा.

दहावीनंतरचा उंबरठाही याच नजरेने पाहा. विज्ञान शाखा घ्यायची तर अकरावीच्या भौतिकशास्त्राला नववी-दहावीची त्रिकोणमिती पहिल्या महिन्यापासून लागते; गुण चांगले मिळाले असले तरी ती प्रकरणं समजली होती की पाठ केली होती, हे मुलालाच विचारा. वाणिज्य शाखेत पुस्तपालन सगळ्यांनाच नवीन असतं, त्यामुळे मागे पडलेल्या मुलालाही तिथे बाकीच्यांबरोबर पहिल्या पायरीपासून सुरुवात करता येते. फक्त शेकडेवारी पक्की हवी. कला शाखेला वाचनाची बैठक लागते. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि महाविद्यालय सुरू व्हायला मध्ये चांगले दोन-अडीच महिने मिळतात. लग्नकार्यं, आंबे, मामाचं गाव सगळं होऊ द्या. रोज सकाळचा एक तास तेवढा जुन्या पुस्तकासाठी राखा.