जुन्या जीप-पिकअपची गिअरपेटी

१९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने पुढे विलीज जीपची जुळणी हाती घेतली आणि तिच्याबरोबर टी-९० ही तीन गतींची गिअरपेटी येथे रूढ झाली. तिच्या पहिल्या गतीस समक्रमणाची सोय नाही. चालत्या गाडीत ती टाकू जाता दाते करकरतात. सीजे-३बी जीपमध्ये अंतिम गुणोत्तर ५.३८ असल्याने ताशी ६० किलोमीटर वेगास इंजिन मिनिटास सुमारे २४५० फेरे घेते. नव्या पेटीतील पाचव्या गतीचे गुणोत्तर ०.८ धरल्यास तेच १९६० वर येतात. जीपच्या सांगाड्यावर उभारलेल्या पिकअपचे मालक मोहात पडतात ते येथेच.

परंतु खालच्या गतीचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. जुन्या पेटीचे २.८, वाटपपेटीचे २.४६ व ५.३८ यांचा गुणाकार ३७ होतो. वाटपपेटी काढून केवळ मागील चाके फिरविणारी नवी पेटी बसविल्यास, पहिले गुणोत्तर ४ धरूनही, तो २१.५ च राहतो. वर्धा जिल्ह्यातील काळ्या मातीत, ऐन श्रावणात, भरल्या गाडीने पांदण ओलांडणाऱ्यास हा फरक किरकोळ नव्हे.

त्याहून गंभीर बाब हातब्रेकची. त्याचा ड्रम वाटपपेटीच्या मागील दांड्यावर असतो. पेटी गेली की ब्रेकही गेला. शिवाय मागील आसाचा गोळा उजवीकडे सरकलेला असल्याने मध्यातून निघणारा नवा दांडा तिरपा पडतो. म्हणून वाटपपेटी राखून, मध्ये जोडपट्ट घालून बदल करणे श्रेयस्कर. मात्र लांब पेटीमुळे वाटपपेटी मागे सरकते, तेव्हा मागील दांडा आखूड व पुढील लांब करून घ्यावा लागतो.