सुजलेल्या डोळ्याच्या आत पाहणारी सोनोग्राफी

सोनोग्राफी म्हटले की आपल्या घरांतून बाळंतपण नाहीतर पोटदुखी आठवते. डोळ्याचीही सोनोग्राफी होते म्हटले तर लोक आमच्याकडे संशयाने पाहतात! पण ही गोष्ट जुनी आहे. मुंट आणि ह्यूजेस यांनी डोळ्यासाठी ध्वनिलहरी वापरल्या त्या १९५६ साली. अलीकडे यंत्र लहान होऊन रुग्णाच्या खाटेजवळ आले, एवढेच.

छिन्नीवर हातोडा मारताना कपची उडते, पोराला विटी लागते. पापणी सुजून डोळा मिटतो. आत रक्त साकळले तर डॉक्टरांच्या बॅटरीचा उजेडही मागे पोचत नाही. ध्वनिलहरींना उजेड लागत नाही. मिटलेल्या पापणीवर भरपूर जेली लावून त्यावर प्रोब अलगद धरतात आणि डोळा इकडेतिकडे फिरवायला सांगतात. निरोगी डोळ्याची पोकळी काळी दिसते. रक्त असेल तर करडे ठिपके घुसळल्यासारखे हलतात. मागचा पडदा सुटला असेल तर पांढरी रेघ नसेच्या मुळाशी धरून लोंबते. सरकलेले भिंग, रुतलेला लोखंडाचा कण हेही दिसू शकते. काही मिनिटांचे काम, आणि त्यात क्ष-किरण नाहीत.

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६१ पैकी ६० रुग्णांचे निदान पुढच्या तपासणीशी जुळले. नंतरच्या अभ्यासांत मात्र प्रत्येक वेळी इतके यश आलेले नाही. तेव्हा नेत्रतज्ज्ञाला दाखवणे चुकत नाही. डोळा फुटल्याची शंका असेल तर त्यावर जराही दाब चालत नाही, म्हणून अशा वेळी डॉक्टर ही तपासणी टाळतात.

घरीही तेच पाळावे. चोळू नये, रुतलेले काही ओढू नये, कागदी पेला वरून झाकून निघावे. चुना, सिमेंट किंवा ॲसिड गेले असेल तर मात्र सोनोग्राफी नंतर. आधी अर्धा तास स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा.

मार न लागताही अचानक चमका मारू लागल्या, काळे ठिपके वाढले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी जावे. दृष्टीचा मधला भाग सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर वाचण्याइतकी नजर राखता येते. खाडा पडेल, पगार झाल्यावर दाखवू, असे म्हणणारे पुष्कळ असतात. आम्हाला त्यांचा राग येत नाही, पण तेवढ्यात मधला भागही सुटू शकतो. केसपेपर काढताना ‘नजर कमी झाली’ हे आधी सांगावे. नुसते ‘डोळा दुखतो’ म्हटले तर रांगेत बसवतात.