कोयत्याचा हंगाम आणि युक्रेनचा परवाना

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातली गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता धरलेली जोडपी ट्रकात बसतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातं, कुणी थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की माघारी. राज्याची हद्द ओलांडताना त्यांना कुणी परवाना विचारत नाही. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं तो माणसं नेणाऱ्या ठेकेदाराकडे मागितला होता, पण कायदा फडापर्यंत फारसा पोचला नाही. आता याच घरांतल्या काही पोरांच्या तोंडी पोलंड, जर्मनी, इस्रायल ही नावं येतात आणि तिथं पहिला प्रश्न परवान्याचाच असतो. गेल्या वीस वर्षांत या प्रश्नाची सगळी रूपं एका देशाच्या माणसांनी पाहिली. तो देश म्हणजे युक्रेन.

सुरुवात पोलंडच्या शेतात झाली. मे 2004 मध्ये पोलंड युरोपीय संघात गेला आणि तिथली तरणी माणसं ब्रिटन-आयर्लंडच्या वाटेला लागली. सफरचंदाच्या बागा आणि स्ट्रॉबेरीचे वाफे तोडणीला आले, पण तोडायला हात नव्हते. मग 2006 मध्ये पोलंडनं युक्रेनसह पूर्वेकडच्या शेजाऱ्यांसाठी सवलत काढली. आधी शेतीला, पुढच्या वर्षी इतर कामांनाही. मालकानं रोजगार कार्यालयात एक जाहीरपत्र नोंदवायचं, की अमुक माणसाला अमुक कामावर घेतो आहे. 2008 पासून तेवढ्या कागदावर बारा महिन्यांतले सहा महिने काम करता येऊ लागलं. सहा महिने परमुलुखात, सहा महिने घरी, हे गणित शिरूरच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. तिथंही दलाल आलेच. जाहीरपत्रं विकली जाऊ लागली. कागदावर एक मालक आणि प्रत्यक्षात काम दुसऱ्याकडे, नाहीतर कामच नाही, असे प्रकार घडले.

2014 मध्ये क्रिमिया रशियाच्या ताब्यात गेला, पूर्व युक्रेनच्या डोनबासमध्ये लढाई पेटली आणि पश्चिमेकडची रांग वाढली. 11 जून 2017 पासून बायोमेट्रिक पासपोर्ट असलेल्या युक्रेनियन माणसाला शेंगेन देशांत व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं, 180 दिवसांत 90 दिवस. ही मुभा जाण्याची होती, कामाची नव्हती. पोलंडच्या मालकाचं जाहीरपत्र हाती असेल तर कामही रीतसर. नसेल तर तोच माणूस, तोच पासपोर्ट, पण पकडला गेला की परत पाठवणी. ‘व्हिजिटवर चला, तिकडं परमिट करून देतो’ असं सांगणाऱ्या एजंटाचा सगळा धंदा याच फटीत चालतो.

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाची फौज घुसली आणि आठ दिवसांत चित्र पालटलं. 4 मार्चला युरोपीय संघानं तात्पुरत्या संरक्षणाचा 2001 सालचा निर्देश लागू केला. युगोस्लाव्हियातल्या युद्धांनंतर तो केलेला होता आणि तोवर एकदाही वापरला गेला नव्हता. त्यानं युक्रेनच्या नागरिकांना राहण्याचा, उपचाराचा, मुलांच्या शाळेचा आणि कामाचा हक्क एकदम दिला. पोलंडनं 12 मार्चला वेगळा कायदा केला. तेव्हाच्या नियमानं कामगारानं परमिटसाठी अर्ज करायचाच नव्हता. मालकानं कामावर घेतल्यापासून 14 दिवसांत ऑनलाइन कळवायचं होतं, झालं. अशा संरक्षणाखाली आलेल्यांची संख्या संघभर 40 लाखांवर गेली.

त्याच दिवसांत, त्याच सीमांवर आपलीही पोरं उभी होती. युक्रेनमध्ये शिकणाऱ्या हजारो भारतीयांत बहुतेक मेडिकलचे विद्यार्थी होते, त्यांत महाराष्ट्रातलेही होते. पोलंडनं त्यांना व्हिसाशिवाय आत घेतलं, पण ते घरी जाण्यापुरतं. भारत सरकारच्या ऑपरेशन गंगा या मोहिमेच्या 90 विमानफेऱ्यांतून माणसं भारतात आली. शिक्षणाच्या तात्पुरत्या परवान्यावर राहणारा आणि मायदेशी सुखरूप परतू शकणारा परदेशी माणूस त्या संरक्षणात बसत नव्हता. बॉम्ब दोघांनी सारखेच ऐकले होते. कुणाला काम करता येईल हे पासपोर्टवर ठरलं.

पण तो पासपोर्ट नवा करून घेणं युक्रेनच्या पुरुषांना पुढं जड गेलं. लष्करी कायद्यामुळं 18 ते 60 वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला बंदी होती. एप्रिल 2024 मध्ये युक्रेननं परदेशात असलेल्या या वयाच्या पुरुषांची वकिलातीतली बरीचशी कामं थांबवली आणि मे महिन्यात नवा भरतीकायदा लागू झाल्यावर सैन्यनोंदणीचे कागद अद्ययावत असल्याशिवाय पासपोर्ट मिळेना. कामाची परवानगी देणारं सरकार एक आणि ओळख देणारं दुसरं. पहिलं राजी असलं तरी दुसऱ्यानं हात आखडला की माणूस अडकतो.

हा दुसऱ्या सरकारचा भाग शिरूरकरांनाही लागू आहे. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखालच्या नियमांनुसार दहावी पास नसलेल्याचा पासपोर्ट साधारणपणे ईसीआर, म्हणजे आखातासह 18 ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागणारा. दहावी पास असेल तर ही अट नाही. मंजुरीमागचा हेतू संरक्षणाचा आहे, करार आणि पगार तपासण्याचा. पण कोयत्यावर गेलेल्या आईबापांमागं ज्याची शाळा दर हंगामात चार-सहा महिने बुडाली आणि शेवटी सुटली, त्याच्याच पासपोर्टवर ही अट येते. बालपणीचं एक स्थलांतर मोठेपणीच्या दुसऱ्या स्थलांतराला असं आडवं येतं.

इकडं दारंही उघडताहेत, तीही समोरच्याच्या गरजेनं. ऑक्टोबर 2023 नंतर इस्रायलनं पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने रोखले आणि बांधकामावर माणसं कमी पडली. मग सेंट्रिंग, लोखंड वाकवणं, प्लास्टर, फरशी या कामांसाठी भारतात चाचण्या झाल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यानं कुशल मनुष्यबळासाठी महाराष्ट्राशी करार केला.

युक्रेनच्या माणसांचं संरक्षण आता 4 मार्च 2027 पर्यंत वाढवलं आहे आणि सप्टेंबर 2025 मध्ये संघानं सदस्य देशांना पुढच्या वाटा आखायला सांगितलं आहे: नोकरीवर आधारलेला साधा परवाना, शिक्षणाचा परवाना किंवा घरवापसी. आठ दिवसांत सरसकट मिळालेली गोष्ट आता ज्यानं त्यानं पगारपत्रक दाखवून मिळवायची आहे. बागेला हात हवे होते तेव्हा एका कागदावर भागलं, युद्ध झालं तेव्हा कागदही लागला नाही, निकड ओसरू लागली तसा फॉर्म लांबला. माणसाचं कसब तिन्ही वेळा तेच होतं. म्हणून शिरूरहून निघणाऱ्यानं पगाराचा आकडा ऐकण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: परवाना कोणत्या मालकाच्या नावानं आहे, कोणत्या कामाचा आहे आणि कोणत्या तारखेला संपतो. उचलीची चिठ्ठी न वाचता अंगठा दिला की काय होतं, हे या तालुक्याला माहीत आहे.