हवाई अंतर आणि उंबरठ्यापासूनचा वेळ

दोन शहरांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर होय. ते ज्या वर्तुळाच्या कंसावर पडते त्याचे केंद्र पृथ्वीच्याच केंद्रात असते, आणि अशा वर्तुळाला बृहद्‌वृत्त म्हणतात. या वर्तुळावरील एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो, तर अंशाचा साठावा भाग हे सागरी मैलाचे, म्हणजे १.८५२ किलोमीटरचे, मूळ माप असून विमानचालनात आजही तेच वापरले जाते. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर हा मार्ग सरळ पश्चिमेला जावा असे वाटते. प्रत्यक्षात मात्र सर्वांत जवळची वाट मुंबईहून वायव्येला वळून साठ अंश अक्षांशाच्याही उत्तरेला चढते आणि मग खाली उतरते.

अंतर ठरले तरी वेळ ठरत नाही, कारण मोठ्या प्रवासी विमानाचा ताशी ८५० ते ९०० किलोमीटर हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो आणि ती हवा स्वतःच वाहत असते. मध्य अक्षांशांवर, साधारण दहा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांना जेट प्रवाह म्हणतात. म्हणूनच सुमारे ७,२०० किलोमीटरच्या मुंबई–लंडन प्रवासाला जाताना नऊ ते दहा तास लागतात आणि परतताना त्याहून कमी. वादळे आणि काही देशांचे बंद असलेले हवाई क्षेत्र टाळण्यासाठी घ्यावे लागणारे वळसे या वेळेत आणखी भर घालतात.

हवाई अंतराचा हिशेब आजच्या महाराष्ट्राच्या भूमीने पूर्वीच अनुभवला आहे. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यभागी असलेल्या नागपूरमुळेच ही योजना साध्य झाली.

याच नागपूरच्या जवळपास समान अक्षांशावर, पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवर, बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. तेथून मुंबई सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटर, म्हणजे विमानाला तासाभराची वाट. परंतु जवळच्या अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून नियमित प्रवासी सेवा नसल्याने परदेशी निघालेल्या प्रवाशाला बहुधा रस्त्याने शेगाव गाठावे लागते, तेथून रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर जावे लागते आणि उड्डाणाच्या सुमारे तीन तास आधी विमानतळावर हजर राहावे लागते. गाडीची वाट पाहणे धरले, तर घरापासून मुंबईच्या विमानापर्यंतचा काळ मुंबई–लंडन उड्डाणापेक्षा सहज अधिक होतो, जरी ते सरळ रेषेतले अंतर त्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकेच असले तरी.

म्हणून प्रवासाचा वेळ विमानतळापासून नव्हे, तर घराच्या उंबरठ्यापासून मोजला पाहिजे. अशा गावांसाठी आकाशातील वेग वाढण्यापेक्षा जवळच्या विमानतळावर नियमित सेवा असणे आणि गाव ते स्थानक ही वाट चांगली असणे अधिक मोलाचे आहे, कारण वाचणारे तास तेथेच दडलेले आहेत.