घाऊक बाजार ते दुकान : विजेवरील लहान मालवाहू वाहन केव्हा परवडते?

नाशिकचा कांदा चेन्नईतील अड्यारच्या ग्राहकापर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याचा प्रवास दोन टप्प्यांत झालेला असतो. पहिला टप्पा हजार किलोमीटरहून अधिक अंतराचा असतो. तो डिझेलच्या अवजड ट्रकने पार पडतो आणि शहराच्या पश्चिमेस १९९६ मध्ये सुरू झालेल्या कोयम्बेडू घाऊक बाजारात संपतो. दुसरा टप्पा कोयम्बेडू ते अड्यार हा जेमतेम १३-१४ किलोमीटरचा. विजेवरील वाहनाचा विचार आज प्रामुख्याने या दुसऱ्या टप्प्यासाठीच करणे योग्य ठरते. पुणे, नाशिक किंवा नागपूर शहराला भाजीपाला पुरविणाऱ्या शेतकरी गटांची स्थितीही अशीच असल्याने अड्यारचे उदाहरण आपल्याला उपयोगी आहे.

शहरी वाहतुकीत विजेचा लाभ

सिग्नल, गर्दी आणि दारोदारचे थांबे यांमुळे इंधनावरील वाहनाची कार्यक्षमता घटते. वाहन उभे असतानाही इंजिन इंधन जाळत राहते. विद्युत मोटर मात्र वाहन थांबले की जवळजवळ काहीच वीज घेत नाही. शिवाय वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी चालते आणि काही ऊर्जा बॅटरीत परत येते. महामार्गावर सलग वेगाने धावताना हा लाभ उरत नाही.

निर्णय किमतीवर नव्हे, रोजच्या अंतरावर

जून २०२५ मध्ये टाटा मोटर्सने ‘एस प्रो’ हे ७५० किलो भारक्षमतेचे वाहन पेट्रोल व विद्युत अशा दोन्ही स्वरूपांत बाजारात आणले. आरंभीची किंमत पेट्रोलसाठी ३.९९ लाख, तर विद्युतसाठी ६.५० लाख रुपये होती. म्हणजे फरक २.५१ लाखांचा. विद्युत वाहनाची बॅटरी १४.४ युनिट क्षमतेची असून प्रमाणित पल्ला १५५ किलोमीटर आहे. परंतु भार, उष्णता व गर्दी लक्षात घेता नियोजनासाठी १०० किलोमीटरच धरणे सुरक्षित.

पुढील हिशोब गृहीत दरांवर आधारलेला आहे. आपल्या भागातील दर घालून तो पुन्हा करावा. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि भारासह लिटरमागे १६ किलोमीटर धरल्यास खर्च किलोमीटरला ६.५० रुपये येतो. विजेचा दर युनिटला १० रुपये आणि चार्जिंगमधील घट धरून किलोमीटरमागे सुमारे ०.१६५ युनिट लागल्यास खर्च १.६५ रुपये येतो. बचत ४.८५ रुपये.

आता कोयम्बेडू-अड्यार मार्गावर वर्षाला ३०० दिवस काम आहे असे समजू. दररोज एकच फेरी म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ३० किलोमीटर. वार्षिक बचत सुमारे ४३,६०० रुपये होते आणि किमतीतील फरक भरून निघण्यास पावणेसहा वर्षे लागतात. दोन फेऱ्या आणि बेसंट नगर, तिरुवान्मियुर या शेजारच्या भागांतील वाटप धरून रोज ७५ किलोमीटर झाल्यास बचत १,०९,००० रुपयांवर जाते व फरक सव्वादोन वर्षांच्या सुमारास वसूल होतो. वाहन तेच, मार्गही तोच. फरक केवळ वापराचा. कर्जावरील व्याज, विमा आणि बॅटरीची झीज यात धरलेली नाही. म्हणून पहिल्या स्थितीत ही खरेदी धोक्याची ठरते.

हाच नियम हंगामी पिकांना लागू होतो. वर्षातून चारच महिने माल असलेल्या गटाने वाहन विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्यावे, अथवा दूध, अंडी, रोपे यांची वाहतूक जोडून वाहन बारमाही कामात ठेवावे.

भार, चार्जिंग आणि पाणी

७५० किलो म्हणजे कांद्याच्या ५० किलोच्या १५ गोण्या. पालेभाज्यांच्या बाबतीत मात्र वजनापूर्वी जागा संपते. तेथे हौद्याची लांबी-रुंदी आणि क्रेटची संख्या आधी मोजावी. वजनाची मर्यादा ओलांडल्यास पल्ला घटतो आणि टायर, ब्रेक यांवरही ताण येतो.

१५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवरून ही बॅटरी रात्रीत, म्हणजे पाच-सहा तासांत भरते. ग्रामीण भागात रात्रीचा वीजपुरवठा खंडित होत असल्यास संकलन केंद्राऐवजी शहरातील वितरण स्थळी चार्जिंगची सोय करावी. कृषिपंपाच्या सवलतीच्या जोडणीवरून वाहन चार्ज करणे नियमबाह्य असून त्यासाठी दंडात्मक आकारणी होऊ शकते. स्वतंत्र जोडणी घ्यावी.

डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीच्या पुराने चेन्नईच्या मोठ्या भागात पाणी शिरले होते. बॅटरी पाणीरोधक असली तरी तुंबलेल्या पाण्यात वाहन उभे ठेवणे योग्य नाही. चार्जिंगची जागा व विद्युत पेटी पूररेषेच्या वर असावी. नदीकाठच्या आपल्या बाजारपेठांनाही हे लागू आहे.

शासकीय तरतुदी

‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेतील विद्युत ट्रकसाठीचे प्रोत्साहन ३.५ टनांहून अधिक एकूण वजनाच्या वाहनांसाठी आहे. येथे वर्णिलेले लहान चारचाकी वाहन त्यात बसत नाही. म्हणून वरील हिशोबात अनुदान धरलेले नाही. बॅटरीवरील मालवाहू वाहनांना २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार परमिट घेण्यातून सूट आहे. राज्यातील कर-सवलत खरेदीपूर्वी परिवहन कार्यालयात तपासून घ्यावी.

खरेदीपूर्वी काय करावे?

विस्तार कार्यकर्त्यांनी गटास प्रथम पंधरा दिवसांची नोंदवही ठेवण्यास सांगावे. तीत रोजचे किलोमीटर, प्रत्येक फेरीचे वजन, थांबे, परतीचा माल आणि वाहन रिकामे उभे राहिल्याचे तास लिहावेत. अंतर रोज ६० ते ८० किलोमीटर, मार्ग ठरलेला, काम बारमाही आणि रात्रीच्या चार्जिंगची खात्री, या चारही गोष्टी जुळल्यास विजेवरील वाहन निश्चितपणे विचारात घ्यावे. अंतर ३० किलोमीटरच्या आत असल्यास आधी फेऱ्या वाढवाव्यात, शेजारच्या गटाशी भागीदारी करावी आणि मगच भांडवल गुंतवावे.