तडा सुरू होतो वेल्डिंगच्या कडेला

कामतघरहून माणकोलीकडे निघालं की रस्ता ट्रक-कंटेनरांचाच होतो. काल्हेर, पूर्णा, दापोडे, वळ इथल्या गोदामांतला माल पुलांवरूनच ये-जा करतो. ट्रक पोलादी पुलावर चढला की गर्डर किंचित वाकतो, उतरला की सरळ होतो. हा ताण पोलादाच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी असतो. पण लाखो फेऱ्यांनंतर त्यानंच तडा जातो. हाच धातूचा थकवा.

तडा सुरू होतो बहुतेकदा वेल्डिंगच्या कडेला. तिथं सूक्ष्म खाच असते, आत धातुमळीचा कण अडकलेला असतो, थंड होताना राहून गेलेला ताण असतो. म्हणूनच जास्त मजबूत पोलाद वापरलं तरी वेल्ड केलेल्या सांध्याचं आयुष्य फारसं वाढत नाही.

आणि हिशेब घनाचा आहे. ताण दुप्पट झाला, तर प्रत्येक फेरीचं नुकसान आठपट. केंद्र सरकारनं 2018 मध्ये चार टायरच्या एकेरी अ‍ॅक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. भार वाढला सुमारे 13 टक्के. याच हिशेबानं नुकसान वाढतं सुमारे 43 टक्के. ही झाली कायदेशीर गाडी. ओव्हरलोड गाडी अडवणारा वजनकाटा पुलाचं आयुष्य वाचवतो, तो बंद पडलेला असणं म्हणूनच अक्षम्य आहे.

अटल सेतूच्या लांब गाळ्यांत भारतात प्रथमच अशी रचना आली, जिथं डांबराच्या थराखाली थेट पोलादी पत्रा असतो आणि त्याला खालून पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. वजनाला हलकी, पण थकव्याला हळवी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमजवळच्या व्हॅन ब्रिनेनोर्ड पुलाचा अशाच रचनेचा उघडझाप करणारा भाग 1990 मध्ये सुरू झाला आणि 1997 मध्येच पत्र्याला आरपार तडे सापडले.

दुरुस्तीची पहिली पायरी शोधाची: रंगावर उमटलेली गंजाची बारीक रेघ, मग रंगद्रव्य, चुंबकीय कण किंवा अल्ट्रासोनिक तपासणी. तड्याचं टोक नेमकं सापडलं की तिथं गोल भोक पाडतात. टोकाची धार जाते, तडा थबकतो. टोक भोकाबाहेर राहिलं तर मात्र तो पुढे सरकतो. भोक बहुधा तात्पुरता उपाय. नंतर दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून उच्च ताकदीच्या बोल्टांनी आवळतात. नुसतं पुन्हा वेल्ड केलं, तर सांध्याची रचना तीच राहते आणि तडा परततो. वेल्डिंगची कडा ठोकून तिथं दाब निर्माण करणं हाही उपयोगी उपाय. दाबाखाली तड्याला तोंड उघडता येत नाही.

अमेरिकेत मेम्फिसचा महामार्ग-पूल मे 2021 मध्ये तडकलेल्या तुळईमुळे तातडीनं बंद झाला. मूळ दोष बांधणीच्या वेळच्या वेल्डिंगमधला होता. तो तडा 2019 च्या ड्रोन-चित्रीकरणातही दिसत होता, पण कुणी टिपला नव्हता. पट्ट्या बोल्टनं जोडल्यावर, त्याच तुळईतले बाकीचे वेल्डही तपासले गेले आणि जिथं शंका आली तिथंही पट्ट्या बसवल्या गेल्या. वाहतूक ऑगस्टमध्ये पूर्ववत झाली.